स्कफल झाली की झाला?

आमच्या शीव कोळीवाड्यात भांडणाला कधी तोटा पडल्याचे मला आठवत नाही. मुळात नावातच भांडण आहे. शीव म्हणजे गावाची हद्द, आणि हद्दीवरून ज्याची डोकी कधी फुटली नाहीत असे एक गाव महाराष्ट्रात दाखवा, मी माझी ग्रॅच्युइटी तुमच्या नावे करून देतो. (ती मिळायला अजून सोळा वर्षे आहेत, त्यामुळे पैज तशी बिनधोक आहे.) इथे मुंबईची हद्द संपायची आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला तो काही हवा खायला नव्हे. आज लोक तिथे हवा खायलाच जातात, आणि जोडीजोडीने जातात, ही गोष्ट निराळी. पुढे रोमन लिपीत शिरताशिरता शीवचे 'सायन' झाले आणि हद्द जी हरवली ती हरवलीच.

आमच्याकडे नावांचे हे असेच आहे. हार्बर लाइनवरच्या आमच्या स्टेशनाचे नाव पूर्वी कोळीवाडा होते, आता गुरु तेग बहादुर नगर आहे. हॉटेलांच्या मेनूकार्डांवर 'प्रॉन्स कोळीवाडा' म्हणून जो पदार्थ असतो तो कोळ्यांचा नव्हे. फाळणीनंतर इथल्या छावणीत येऊन राहिलेल्या पंजाबी मंडळींनी कोळ्यांची कोळंबी आपल्या पद्धतीने मसाला-बेसन लावून तळली, असे आमच्याकडे सांगतात. तेव्हा नावावर जाऊ नये, हे शीव कोळीवाड्याच्या माणसाला शिकवायला नको. तरीसुद्धा मी एका शब्दाला फसलो. फसलो म्हणण्यापेक्षा मीच तो शब्द शोधून काढला, टाइप केला, आणि वर शाबासकी घेतली. तो शब्द म्हणजे स्कफल.

तो सध्या कुठे नाही? मराठी माणूस पूर्वी भांडायचा तो पायऱ्यापायऱ्यांनी. आधी बोलाचाली. बोलाचालीची पुढे बाचाबाची. 'अहो'चे 'अरे' झाले की हमरीतुमरी. आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला की खडाजंगी. इथपर्यंत सगळा व्यवहार तोंडी, अंगाला अंग लागलेले नाही. मग कोणीतरी 'सोडा मला, सोडा!' असे ओरडत पुढे यायचा (त्याला कोणी धरलेले नसायचे). त्यानंतर धक्काबुक्की, झोंबाझोंबी, झटापट, गुद्दागुद्दी, हाणामारी आणि गच्चीवर राडा. राडा म्हणजे मुळात चिखल. महापालिका पाडलेल्या बांधकामाच्या ढिगाऱ्याला राडारोडा म्हणते ते अगदी योग्य आहे, कारण भांडण त्या पायरीला पोचले की मागे उरते ते तेवढेच. आमच्या इमारतीतली जुनी माणसे पलंगावर पडल्यापडल्या नुसत्या आवाजावरून सांगत, "अजून बाचाबाचीच आहे. चहा घेऊ, मग जाऊ बघायला."

आता हा सगळा जिना पाडून तिथे एक लिफ्ट बसवली आहे. तिला बटण एकच. सोसायटीच्या सभेत खजिनदाराने सेक्रेटरीच्या हातातले मिनिटबुक ओढले, स्कफल झाली. गाडीत चौथ्या सीटवरून एकाने दुसऱ्याच्या पायावर बूट ठेवला, स्कफल झाली. पार्किंगवरून एकाने दुसऱ्याचे दोन दात पाडले, तरी स्कफलच झाली. २५ एप्रिल २००८ ला मोहालीत सामना संपल्यावर हरभजनसिंगने श्रीशांतला थप्पड मारली. श्रीशांत रडताना अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिला. हरभजनला त्या हंगामातल्या उरलेल्या सामन्यांतून बाहेर बसवले. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेत डबा उघडताना एक सहकारी म्हणतो, "दोघांच्यात काहीतरी स्कफल झाली म्हणे." दोघांच्यात! एकाचा हात आणि दुसऱ्याचा गाल, यांच्यात! उद्या खिळा आणि हातोडी यांच्यात स्कफल झाली म्हणाल.

या शब्दाचे लिंगसुद्धा अजून ठरलेले नाही. आमच्या कॅशियरच्या मते स्कफल 'झाली', कारण मारामारी होते ती स्त्रीलिंगी. हेडक्लार्कच्या मते 'झाला', कारण तमाशा पुल्लिंगी. मी तडजोड म्हणून 'झाले' सुचवले. भांडणाला चालते ते याला चालेल. त्यावर त्या दोघांचीच बाचाबाची झाली. पण पुढची पायरी चढायच्या आत कॅश बंद करायची वेळ झाली.

आता मूळ हकीकत सांगतो. २०१९ सालच्या जुलैतली आहे. बँकेचे नाव सांगणार नाही, पगार तिथूनच येतो. शाखेत एक शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणत. तळकोकणातले, सत्तावन्न वर्षांचे, नोकरीची एकतीस वर्षे झालेली. मामांनी एकतीस वर्षांत आवाज चढवला असेल तो फक्त लिफ्टच्या आवाजात 'चहा!' म्हणून ओरडताना. त्या दिवशी धो धो पाऊस, फरशीवर छत्र्यांचे पाणी, आणि पासबुक छापायचे यंत्र नेहमीप्रमाणे बंद. एक खातेदार आले. त्यांचेही नाव सांगत नाही. त्यांच्या मुदत ठेवींचा आकडा मात्र शाखेत सगळ्यांना पाठ होता. मामा दोन्ही हातांत व्हाउचरांचा गठ्ठा धरून चालले होते. खातेदारांनी त्यांना पासबुकाबद्दल विचारले. मामा म्हणाले, "साहेब, यंत्र बंद आहे, उद्या या." यात काय चुकले मला आजवर कळलेले नाही. कदाचित 'उद्या' हा शब्द त्यांनी त्या आठवड्यात चौथ्यांदा ऐकला असेल. त्यांनी मामांची कॉलर धरली, मुस्काटात दिली आणि ढकलून दिले. मामा कॅशच्या लोखंडी जाळीवर जाऊन आपटले. चष्म्याची एक काच फुटली. आणि उठल्यावर मामांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? खाली बसून ओल्या फरशीवरची व्हाउचरे गोळा केली. शाई पसरेल म्हणून.

बाकावर एक कोळीण मावशी नंबरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांचे आमच्याकडे सेव्हिंग खाते आहे आणि संपूर्ण शाखेवर मालकी हक्क आहे. त्या उठून उभ्या राहिल्या आणि खातेदारांना जे बोलल्या ते इथे छापता येणार नाही. खातेदार निघून गेले. आम्ही? आम्ही काउंटरच्या आत होतो. काउंटरला झडप असते, ती उघडायला वेळ लागतो. असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

चार वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. "हेड ऑफिसला कळवावे लागेल. तुमचे इंग्रजी बरे आहे, ड्राफ्ट करा." माझे इंग्रजी बरे आहे याचा पुरावा म्हणजे बी.कॉम.ला बिझनेस कम्युनिकेशनमध्ये मला एकसष्ट मार्क होते, आणि हे मीच सगळ्यांना सांगितलेले आहे. मी लिहिले, 'असॉल्टेड'. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"असॉल्ट नको हो. पोलीस येतील. पार्टी डिपॉझिट काढून नेईल. जरा सॉफ्ट काहीतरी बघा."

मी 'मॅनहँडल्ड' सुचवला. साहेबांना त्यात हात दिसला. 'पुश्ड'मध्ये धक्का दिसला. साहेबांना असा शब्द हवा होता ज्यात काहीतरी झालेले असेल पण कोणी काही केलेले नसेल. आणि मला तो सापडला. 'पासबुक काउंटरजवळ एक खातेदार व सबॉर्डिनेट स्टाफपैकी एक कर्मचारी यांच्यात किरकोळ स्कफल झाली,' अशा अर्थाचे वाक्य मी इंग्रजीत टाइप केले. साहेब खूश झाले. "वा! कॉमर्सची माणसे वेगळीच." त्या संध्याकाळी घरी जाताना मी अर्धा किलो जिलबी घेतली, हे लिहायला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मावशी काउंटरवर. "काय लिवलंस मामाचं?"

"स्कफल."

"म्हंजे?"

"म्हणजे... दोघांच्यात जरा झटापट झाली असं."

"दोगांच्यात? मामानं कवा हात उचलला? कोनी कोनाला मारला त्ये लिव ना."

मी 'पुढचा नंबर' म्हणालो. बँकेत उत्तर नसले की पुढचा नंबर बोलावतात.

घरी येऊन शब्दकोश काढला. स्कफल या शब्दाचे नाते उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतल्या एका धातूशी असावे, असे कोशकार म्हणतात. स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ ढकलणे. म्हणजे मुळात कोणीतरी कोणाला तरी ढकलले होते! धातूत कर्ता होता, कर्म होते, सगळे जिथल्या तिथे होते. इंग्लंडपर्यंत येताना कर्ता पसार झाला. आणखी एक स्कफल आहे, तो डच भाषेतून आलेला. ते तण काढायचे लांब दांड्याचे खुरपे. हे मला फारच पटले. खुरपे आणि गवत यांच्यात किरकोळ स्कफल झाली, असे खुरप्याच्या बाजूने खुशाल लिहावे. गवताला विचारायला जातो कोण?

इंग्रजीवर माझा राग नाही. त्याच भाषेत 'टसल' आहे, त्याचे नाते केस विसकटण्याशी आहे, म्हणजे आपली झिंज्या ओढण्याची गोष्ट. 'अफ्रे' आहे, तो फ्रेंचातल्या भेवडावणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला, आणि 'अफ्रेड' हे त्याचेच भूतकाळी रूप. म्हणजे ज्याला इंग्रज आज 'भ्यालेला' म्हणतो तो मुळात 'भेवडावलेला' होता. त्याच्या भीतीमागे कोणीतरी उभा होता, आणि तो शब्दात दिसत होता. तेव्हा भाषा बिचारी ठीक आहे. तिच्या कपाटातून नेमका कोणता शब्द उचलायचा, हे उचलणाऱ्याच्या मनात असते. मी कोणता उचलला ते तुम्ही पाहिलेच.

आणि आपल्याकडे काय कमी होते? संस्कृत व्याकरणकारांनी एकमेकांचे केस धरून केलेल्या भांडणासाठी खास समास ठेवला आहे: केशाकेशी. काठ्यांनी केले तर दंडादंडी, मुठींनी केले तर मुष्टामुष्टी. पाणिनीसारखा माणूस झिंज्या ओढणाऱ्यांसाठी सूत्र लिहितो, यावरून विषयाचे महत्त्व लक्षात यावे. पण अट एक आहे. दोघांनीही एकमेकांचे केस धरलेले असले पाहिजेत. एकानेच धरले असतील तर समास होत नाही. मराठीनेही ही अट पाळली. मारामारी, हाणामारी, गुद्दागुद्दी, ओढाओढी या सगळ्यांच्या मधोमध तो जो 'आ' बसला आहे ना, तो फार प्रामाणिक आहे. दोन्हीकडून झाले तरच तो येतो. एकानेच मारले तर मराठीत मारामारी होत नाही, मारहाण होते. मारामारी आणि मारहाण! शेजारीशेजारी राहणारे दोन शब्द, पण एकात दोघे गुन्हेगार आणि दुसऱ्यात एकच. आमच्या मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांना हा फरक कळतो. मला बी.कॉम. होऊन कळला नव्हता.

कायद्यालासुद्धा कळतो. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, तिच्या १५९ आणि १६० कलमांत हा अफ्रे होता. दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग केली तर एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही. (शंभर रुपयांत १८६२ साली काय काय आले असते याचा हिशेब मी केला आणि सोडून दिला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या १९४ कलमात दंड हजार रुपये झाला आहे. महागाई भत्ता एवढ्या उशिरा मिळालेला हा एकच.) पण कायद्याची पुस्तके सांगतात की मारामारी दोन्ही बाजूंनी हवी. एकजण मारतो आहे आणि दुसरा नुसता खातो आहे, तर तो अफ्रे नव्हे. त्यासाठी निराळे कलम, आणि त्यात आरोपी एकच. ९ नोव्हेंबर २००९ ला विधानसभेत अबू आझमी हिंदीतून शपथ घेत होते म्हणून मनसेच्या आमदारांनी त्यांना धक्काबुक्की केली, तेव्हा सभागृहाने चार जणांना चार वर्षांसाठी निलंबित केले. चार, पाच नव्हे. राजकारणावर मी बोलत नाही, बँकवाला माणूस आहे. मी फक्त आकडा मोजला.

आता कोणी सभ्य गृहस्थ म्हणतील, "अहो, पण तटस्थ शब्द नको का? सुरुवात कोणी केली हे नेहमी ठाऊक असतेच असे नाही." हे गृहस्थ मला ठाऊक आहेत. प्रत्येक सोसायटीत एक असतो. भांडण चालू असताना तो खिडकीत असतो आणि संपल्यावर खाली येऊन 'टाळी एका हाताने वाजत नाही' म्हणतो. टाळी वाजत नाही हे खरे. थोबाड वाजते ना!

पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मान्य करतो. खरीखुरी स्कफल मी डोळ्यांनी पाहिली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि १० तारखेला आम्ही शाखेचे दार उघडले. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. बदलून मिळायचे चार हजार. मग साडेचार हजार झाले, मग दोन हजार, मधेच बोटाला शाई लावायचे सुरू झाले. दर दोन दिवसांनी आकडा बदलायचा आणि रांगेला तो आमच्याकडूनच कळायचा. एका दुपारी कोणीतरी ओरडले, 'पैसे संपले!', आणि ती रांग एकदम पुढे आली. त्यात कोणी कोणाला ढकलले हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. ढकलणाराही मागून ढकलला गेलेला होता. एक सरदारजी आणि एक निवृत्त मास्तर एकमेकांच्या कॉलरी धरून उभे होते, आणि दोघेही पडू नयेत म्हणून धरून होते. ती स्कफल! तिथे हा शब्द सोन्याचा. मी साहेबांना तसाच रिपोर्ट लिहून दिला होता, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

यात फरक काय ते कॉमर्सच्या भाषेत सांगतो, कारण दुसरी भाषा मला धड येत नाही. जमाखर्चाचा पहिला नियम: जो घेतो त्याला नावे, जो देतो त्याला जमा. प्रत्येक नोंदीला दोन खाती लागतात. एक थप्पड गेली तर ती कोणाकडून गेली आणि कोणाकडे आली, हे दाखवल्याशिवाय ताळा जमत नाही. पण कधीकधी रक्कम कोणाची आहे हेच कळत नाही. मग ती आम्ही तात्पुरती सस्पेन्स अकाउंटमध्ये टाकतो. सस्पेन्स अकाउंट वाईट नसते, बँकेत त्याच्याशिवाय चालत नाही. नोटाबंदीच्या रांगेतले धक्के सस्पेन्समध्येच जायला हवे होते. पण देणारा समोर उभा आहे, घेणारा समोर पडला आहे, सतरा माणसांनी पाहिले आहे, आणि तरी कारकून ती रक्कम सस्पेन्सला टाकतो, तर त्याला बँकेत एक शब्द आहे. तोही इंग्रजी आहे आणि त्यात नोकरी जाते.

तीन आठवड्यांनी मामा डबा खायच्या वेळी माझ्याकडे आले. हातात हेड ऑफिसचा लांब पाकिटातला कागद. चष्म्याला नवी काच बसली होती. साडेचारशे रुपये त्यांचे त्यांनीच भरले होते. "जरा वाचून दाखवता का? इंग्रजीत आहे." तो मेमो होता. तुम्ही अमुक तारखेला एका खातेदाराबरोबर स्कफलमध्ये गुंतला होतात असे निदर्शनास आले आहे, त्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. माझेच वाक्य. हेड ऑफिसने मेहनत घेतली नव्हती. शब्द जसाच्या तसा उचलला होता. अशाच अर्थाचे एक अदबशीर पत्र खातेदारांनाही गेले होते म्हणे, त्यात झाल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. गैरसोय त्यांची.

"स्कफल म्हणजे काय हो?" मामांनी विचारले.

मी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "म्हणजे मामा... झटापट."

मामांनी थोडा विचार केला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. खरोखरच शंका असल्यासारखे म्हणाले, "पण झटले ते, आपटलो मी. मग झटापट दोघांची कशी?"

वाचकहो, एकसष्ट मार्क मिळवून मी या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही. घरी सौ.ला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आपली दोन भांडतात तेव्हा मी काय विचारते? 'आधी कोणी मारलं?' धाकटा म्हणाला असता, 'आई, आमच्यात स्कफल झाली,' तर मी मोठ्याला सोडलं असतं का?" आणि पोळी उलटून म्हणाली, "लिहिलं कोणी ते?"

मी जिलबीबद्दल काही बोललो नाही.

मामांचा खुलासा मी मराठीत लिहिला. बँकेला मराठीत उत्तर चालते. ते दिल्यावर वाचणारे शोधावे लागतात, एवढेच. त्यात एकच वाक्य महत्त्वाचे होते: 'खातेदारांनी मला मारहाण केली, माझ्या दोन्ही हातांत व्हाउचरे होती.' त्याला जोडून मी स्वतःच्या सहीचा एक कागद दिला, इंग्रजीत. मूळ रिपोर्ट मी तयार केला, त्यातला स्कफल हा शब्द चुकीचा आहे, खातेदारांनी मारले, कर्मचाऱ्याने हात उचलला नाही, मी हे काउंटरच्या आतून पाहिले. 'आतून' हा शब्द मी मुद्दाम ठेवला.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "एवढ्याशा शब्दावरून कशाला प्रकरण वाढवता? अर्थ तर तोच ना?"

"अर्थ तोच असता तर तुम्ही पहिला बदलायला सांगितला नसता, साहेब," मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो. इतर वेळी अशी उत्तरे मला गाडी कुर्ल्याच्या पुढे गेल्यावर सुचतात.

साहेबांनी कागद पुढे पाठवला, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. दुसऱ्या दिवसापासून मला पासबुकाच्या यंत्रावर बसवले, हेही नमूद करतो. तिथे मी चौदा महिने 'यंत्र बंद आहे, उद्या या' म्हणत बसलो, आणि दर वेळी समोरच्या माणसाच्या हाताकडे बघत होतो. बाकावरून मावशी ओरडायच्या, "घाबरू नको रं, मी हाय!"

दोन महिन्यांनी हेड ऑफिसचे उत्तर आले. मामा पुन्हा कागद घेऊन माझ्यापुढे. तीन परिच्छेद होते. पहिल्यात संदर्भ, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात असे की खुलासा समाधानकारक मानून प्रकरण बंद करण्यात येत आहे, मात्र संबंधित कर्मचाऱ्याने यापुढे अशा प्रकारच्या स्कफल टाळाव्यात अशी त्यास समज देण्यात येते.

"काय लिहिलंय?"

"तुमची काही चूक नव्हती, असं लिहिलंय."

मामांनी कागद हातात घेऊन खालीवर पाहिला. "एवढ्या मोठ्या कागदात एवढंच?"

"इंग्रजी जरा लांबट असतं, मामा," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.